दुर्गम, पण कुणापासून?

सैबेरियाच्या उत्तरेकडच्या नेनेत्स लोकांत मुलीच्या बाहुलीला चेहरा नसतो. डोक्याच्या जागी पक्ष्याची वाळवलेली चोच, आणि चोचीखाली बनातीच्या रंगीत चिंध्यांचे शिवलेले थर. बदकाची चोच असली तर बाई, हंसाची असली तर बाप्या. नाक-डोळे काढले तर बाहुली जिवंत होते आणि मग पोराला छळते, अशी समजूत आहे. म्हणून कोणी काढत नाही. बाहुलीला स्वतःची घसरगाडी असते, तंबूही असतो. ही तिथली भातुकली. फरक एवढाच की या भातुकलीत संसार एका जागी मांडून बसायचा नसतो, तो उचलून पुढे न्यायचा असतो.

पश्चिम सैबेरियाच्या वरच्या टोकाला, उत्तर ध्रुववृत्ताच्याही पलीकडे, यमाल नावाचं द्वीपकल्प आहे. नेनेत्स भाषेत या नावाचा अर्थच ‘भूमीचा शेवट’. तिथली काही कुटुंबं रेनडिअरच्या कळपांमागे वर्षाकाठी हजारेक किलोमीटर चालतात. घर म्हणजे चूम: लांब लाकडी काठ्यांचा सांगाडा आणि त्यावर रेनडिअरची कातडी. तळ हलला की चूम उतरवायचा, गाड्यांवर लादायचा आणि नव्या जागी पुन्हा उभा करायचा, हे काम बायकांचं. मुली बाहुलीच्या तंबूवर त्याचीच तालीम करत असतात. मुलगे फास टाकायला शिकतात. चामड्याच्या वेणीचा लांब दोर आधी घसरगाडीच्या खुंटावर, मग कुत्र्यावर, मग धाकट्या भावावर. भावाने बोंब ठोकली की समजायचं, हात बसला.

हे मूल सात वर्षांचं झालं की उन्हाळा सरता सरता हेलिकॉप्टर येतं. तळातळावरची शाळेच्या वयाची मुलं गोळा करतं आणि यार-सालेसारख्या गावातल्या निवासी शाळेत नेऊन सोडतं. मूल घरी परततं ते थेट पुढच्या वसंतात. मधल्या हिवाळ्यात कळप दक्षिणेला आले तर आईबाप येऊन भेटून जातात, तेवढंच.

शाळा फुकट, जेवण फुकट, हेलिकॉप्टरही सरकारचं. मग तक्रार कसली, असं कोणीही विचारेल. मीही बरीच वर्षं तेच विचारत होते. आता माझं मत बदललं आहे, आणि ते थोडक्यात असं: मूल जिथे वाढतं तिथवर शाळा नेणं हे सरकारचं काम आहे. ते काम अवघड पडतं म्हणून मूलच उचलून आणणं ही पळवाट आहे. वसतिगृहं जरूर असावीत, पण दुसरी वाट म्हणून. ती एकच वाट उरली की कितीही चांगलं वसतिगृह वाईट होतं.

‘दुर्गम’ या शब्दाशी माझं जुनं भांडण आहे. जिथे जाणं कठीण ते दुर्गम. पण जाणारा कोण? जीपमधून निघालेला अधिकारी. यमालमधल्या पोराला त्याचा तळ कशापासूनच लांब नसतो. आई, कळप, कुत्रे, मासळीची नदी, आजीच्या गोष्टी, सगळं हाताच्या अंतरावर असतं. लांब असते ती शाळा. म्हणजे दुर्गम शाळा आहे, आणि शिक्का बसतो पोराच्या घरावर. हा शब्दच्छल वाटेल, पण अंदाजपत्रकं याच शब्दावर बेतली जातात. घर दुर्गम मानलं की खर्च मूल हलवण्यावर होतो. शाळा दुर्गम मानली असती तर शाळा हलवण्यावर झाला असता.

मी स्वतः वसतिगृहात वाढले आहे, तेव्हा हे सगळं कोणी वाचलेल्या गोष्टीवर डोळे पुसतंय असं समजू नका. पाचवीला तालुक्याच्या गावी गेले. पत्र्याची ट्रंक, झाकणावर पांढऱ्या ऑइलपेंटने माझं नाव. वडिलांनी ते रंगवताना आडनाव मावेना म्हणून शेवटचं अक्षर कडेला खाली उतरवलं होतं. पहिल्या रात्री त्या उतरलेल्या अक्षरावर बोट ठेवून झोपले, हे अजून आठवतं. पण मी दहा वर्षांची होते. दर दुसऱ्या शनिवारी एसटीने घरी जाता येत होतं. आणि वसतिगृहातल्या बाई माझ्याच भाषेत ओरडत होत्या. या तीन गोष्टी तेव्हा मला फुकटच्या वाटल्या. उत्तरेकडच्या मुलांच्या हकिगती वाचताना कळलं, की वसतिगृह मुलाला पेलतं की मोडतं हे बहुतेक या तीनच गोष्टींवर ठरतं: वय, अंतर आणि भाषा.

कॅनडाने या तिन्हींवर घाव घातला. शंभराहून अधिक वर्षं तिथल्या मूळनिवासी मुलांना सरकारी पैशाने, बहुतेक चर्चच्या हाताखाली चालणाऱ्या निवासी शाळांत डांबलं. एकूण सुमारे दीड लाख मुलं. घरची भाषा बोलली की मार. चॅनी वेन्जॅक हा उत्तर ऑन्टारिओतला अनिशिनाबे मुलगा त्यांतलाच एक. केनोराच्या शाळेतून तो १९६६ च्या ऑक्टोबरात पळाला, तेव्हा बारा वर्षांचा होता. घर होतं ओगोकी पोस्टला, सुमारे सहाशे किलोमीटरवर. रेल्वेचे रूळ धरून तो चालत निघाला. अंगात पातळ जाकीट. काही दिवसांनी रुळांच्या कडेला त्याचा देह सापडला, थंडीने गारठून गेलेला. खिशात काचेची एक छोटी बरणी होती आणि तिच्यात आगकाड्या. काड्या कोरड्या होत्या.

२००८ मध्ये कॅनडाच्या पंतप्रधानांनी संसदेत माफी मागितली. २०१५ मध्ये सत्यशोधन आयोगाने या सगळ्याला ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं. ग्रीनलंडची गोष्ट आकड्याने लहान, पण जात तीच: १९५१ मध्ये डेन्मार्कने २२ इनुइट मुलं ‘नमुन्यादाखल’ कोपनहेगनच्या बाजूला नेली, त्यांतली काही डॅनिश कुटुंबांना दत्तक देऊन टाकली, बाकीची परत आणली ती घरी न सोडता अनाथाश्रमात ठेवली. आईबाप जिवंत असताना. त्याची माफी मागायला २०२० साल उजाडावं लागलं.

पण कॅनडाचं नाव घेऊन थांबणं फार सोपं आहे. क्रूर लोक होते, म्हणून वाईट झालं. मग भले अधीक्षक नेमा, दूध-अंडी द्या, कॅमेरे लावा, की झालं. आपल्याकडेही आश्रमशाळेत काही विपरीत घडलं की चर्चा याच वळणाने जाते. म्हणून थंडर बे या गावाची हकिगत सांगायला हवी. उत्तर ऑन्टारिओत आजही अशी गावं आहेत जिथे रस्ता जात नाही, विमानानेच जायचं. त्यांतल्या बऱ्याच गावांत माध्यमिक शिक्षणाची धड सोय नाही. मुलं शेकडो किलोमीटरवरच्या थंडर बेला येतात आणि पैसे घेऊन मुलं ठेवून घेणाऱ्या घरांमध्ये राहतात. २००० ते २०११ या काळात तिथे शिकायला आलेली सात मुलं दगावली. त्यांतल्या पाच जणांचे देह शहरातल्या पाण्यात सापडले. २०१६ मध्ये चौकशी संपली तेव्हा ज्यूरीने १४५ शिफारशी केल्या.

आता लक्षात घ्या, यांतली बहुतेक मुलं ज्या शाळेत होती ती मूळनिवासींच्याच संस्थेने चालवलेली होती. तिथे कोणी भाषेसाठी फटके मारत नव्हतं. शिक्षक रात्री-बेरात्री गाडी काढून मुलं शोधत फिरत. तरीही पंधरा वर्षांचं पोर, ज्याने वाहतुकीचा सिग्नल पहिल्यांदा पाहिला, ते अनोळखी शहरात एकटं पडलं की काय होतं, ते झालं. क्रौर्य वजा केलं तरी हिशेब शून्यावर येत नाही. उरतं ते अंतर.

इथवर वाचून कोणाला वाटेल, ही बाई म्हणतेय मुलांना निसर्गाच्या कुशीत सुखाने राहू द्या. अजिबात नाही. त्या वाटेनेही एक देश जाऊन आला आहे. स्वीडनने १९१३ मध्ये कायदा करून रेनडिअर पाळणाऱ्या मूळनिवासी सामी कुटुंबांसाठी ‘भटकी शाळा’ काढली. गुरुजी तळावर येणार, वर्ग सामी झोपडीत भरणार. कागदावर हे अगदी माझ्या मनातलंच. पण हेतू बघा: सामींनी सामीच राहावं, घराची, पलंगाची, उबेची सवय लागून ते रेनडिअर सोडून बसू नयेत. म्हणून मुद्दाम कमी शिकवायचं. थोडे महिने, थोडे विषय, स्वीडिश मुलांना मिळे त्याहून हलकं. आणि ज्या सामींकडे रेनडिअर नव्हते, त्यांच्या मुलांना सरळ स्वीडिश शाळेत घालून त्यांचं सामीपण पुसायचं. एकाला जपायचा, दुसऱ्याला मिटवायचा. दोघांनाही विचारायचं नाही. २०२१ मध्ये स्वीडनच्या चर्चने सामींची माफी मागितली, त्यात या भटक्या शाळांतला आपला हातही कबूल केला.

शहरी माणसाला जंगलातल्या, बर्फातल्या बालपणाचं जे कौतुक वाटतं, त्यात हा स्वीडिश कायदा थोडा तरी दडलेला असतो असा मला संशय आहे. फोटो पाहून ‘किती निरागस’ म्हणायचं आणि त्या पोराला बीजगणित कोण शिकवणार हे विचारायचं नाही. मोकळं रान म्हणजे निव्वळ मोकळेपण नव्हे. २०१६ च्या उन्हाळ्यात यमालमध्ये उष्णतेची लाट आली, गोठलेली जमीन खोलवर वितळली आणि काळपुळीची (अँथ्रॅक्सची) साथ उसळली. दोन हजारांवर रेनडिअर मेले. बारा वर्षांचा एक मुलगा गेला. रेनडिअरना काळपुळीची लस टोचणं तिथे २००७ मध्येच बंद केलेलं होतं. म्हणजे सरकारने रानातल्या पोराला ‘त्याच्या जगात’ सोडून दिलं की काय होतं, याचाही दाखला आहे. मला सरकार तिथे हवं आहे. लशीसह हवं, डॉक्टरसह हवं, गुरुजींसह हवं. फक्त येताना ते पोर उचलायला येऊ नये.

नेनेत्सांनी आणि त्यांच्या शेजारच्या खांती लोकांनी हे फार आधी ओळखलं होतं. १९३३-३४ मध्ये काझिम नदीच्या खोऱ्यात त्यांनी सोविएत सत्तेविरुद्ध उठाव केला. कारणं अनेक होती: कर, धनिक ठरवून हिरावलेले हक्क, पवित्र तलावातली मासेमारी. त्यांतलं एक होतं मुलांना जबरीने निवासी शाळेत घालणं. उठाव अर्थातच चिरडला गेला.

यावर एक युक्तिवाद हमखास ऐकू येतो. ही जीवनपद्धती नाहीतरी संपणारच आहे. मुलं शिकली तर निदान सुटतील. मला यात लबाडी दिसते. सात ते सतरा हीच तर कळप ओळखण्याची, बर्फ वाचण्याची, फास टाकण्याची वर्षं. त्या वर्षांतले आठ-नऊ महिने दरसाल मूल बाहेर काढायचं, आणि सतराव्या वर्षी त्याला चूमची थंडी सोसवेना, कळप हाकता येईना, की म्हणायचं, ‘बघा, त्यांनाच परत जायचं नाही.’ भाकीत करणाऱ्यानेच भाकीत खरं करून घ्यायचं. आणि यमालचं म्हणाल तर तिथले कळप सोविएत काळ संपल्यावर उलट वाढले. संकटं आहेतच. वायूची क्षेत्रं, रेल्वे, पाइपलाइनी कुरणांतून गेल्यात. २०१३ च्या नोव्हेंबरात बर्फावर पाऊस पडून तो गोठला आणि खालचा चारा खाता न आल्याने हजारो रेनडिअर उपासमारीने मेले. अशा वर्षी कळप कुठे हलवायचा हे ठरवायला म्हाताऱ्याची स्मृती लागते आणि हवामानखात्याचा नकाशाही लागतो. दोन्ही वाचता येणारा पोरगा तिथे हवा आहे. त्यासाठी त्याला शाळाही हवी आणि कळपही, एकाच्या बदल्यात दुसरं नव्हे.

हे जमतं का? अलास्कात जमलं, निम्मंशिम्मं का होईना, आणि म्हणून मला ती हकिगत सगळ्यांत मोलाची वाटते.

युकॉन नदी समुद्राला मिळते तिथे एमोनाक हे युपिक लोकांचं गाव आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे माध्यमिक शाळा नव्हती. अलास्काच्या शंभराहून जास्त खेड्यांची हीच स्थिती, आणि अशी खेडी जवळजवळ सगळी मूळनिवासींचीच. पुढे शिकायचं तर सिट्काला माउंट एजकम्बच्या निवासी शाळेत जा, नाहीतर ऑरेगनमधल्या चेमावाला, नाहीतर ओक्लाहोमातल्या चिलोकोला. एमोनाकपासून चिलोको म्हणजे भामरागडच्या पोराला नववीसाठी कैरोला धाडण्याइतकं अंतर. मूल मोठं होऊन परतायचं, किंवा परतायचं नाही. आईबापांना शिक्षण हवं तर पोर द्यावं लागे. पोर हवं तर शिक्षण सोडावं लागे.

१९७२ मध्ये काही कुटुंबांनी राज्यावर खटला भरला. वादींच्या यादीत एमोनाकच्या मॉली हूचचं नाव पहिलं, म्हणून तो तिच्या नावाने ओळखला जातो. १९७५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की, आपल्याच गावात शाळा मिळण्याचा हक्क राज्यघटना देत नाही. तिथे सगळं संपलं असं वाटावं. पण भेदभावाचा मुद्दा न्यायालयाने जिवंत ठेवला, आणि त्या धाग्यावर १९७६ मध्ये तडजोड झाली: १२६ खेड्यांत, तिथल्या लोकांना हवी असेल तर, राज्य माध्यमिक शाळा उघडील. ‘लोकांना हवी असेल तर’ या शब्दांत सगळं आलं. पैशाची सोय नशिबाने झाली. प्रुडो बेला १९६८ मध्येच तेल सापडलं होतं आणि १९७७ मध्ये ते पाइपलाइनमधून वाहू लागलं. तेल नसतं तर तडजोड कागदावरच राहिली असती का, हा प्रश्न मलाही पडतो. पण तेल यमालमध्येही आहे, वायूही आहे. नुसत्या पैशाने कुठे शाळा उघडल्याचं ऐकिवात नाही. त्यासाठी खटला भरावा लागला.

या छोट्या शाळांवर टीका झाली, आणि ती खोटी नाही. दोन-तीन शिक्षकांनी सगळे विषय शिकवायचे. बाहेरून आलेला शिक्षक एखादा हिवाळा काढतो आणि बॅग भरतो. आपल्याकडे दुर्गम भागात नेमणूक झाली की बदलीचा अर्ज खिशात घेऊनच हजर होतात, तसंच. प्रयोगशाळा तुटपुंजी. पाचसहा मुलांच्या वर्गात स्पर्धा कुणाशी करायची? काही मुलांना खरोखरच मोठी शाळा, नवे मित्र, गावाबाहेरचं जग हवं असतं. पंधराव्या वर्षी ते हवं वाटणं अगदी स्वाभाविक आहे.

माउंट एजकम्बचं पुढे काय झालं ते पाहण्यासारखं आहे. केंद्र सरकारने १९८३ मध्ये ती शाळा बंद केली. दोन वर्षांत राज्याने ती पुन्हा उघडली. आज मुलं तिथे अर्ज करून जातात, प्रवेश मिळाला तर आनंद होतो. तेच गाव, तीच खाडी, तीच निवासी शाळा. १९७० मध्ये तिथे जाणारी मुलगी आणि आज जाणारी मुलगी यांच्यात फरक एवढाच की आजचीने नाही म्हटलं असतं तर तिला गावात दहावी करता आली असती. माझ्या लेखी हा फरक सगळ्यांत मोठा आहे.

अलास्कातलं भांडण मिटलेलं मात्र नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस राज्याने नियम केला: पट दहाच्या खाली गेला की शाळेचा नेहमीचा निधी बंद. कोडिअॅक बेटावरच्या कार्लक गावची शाळा अशीच बंद पडली. २०२१ मध्ये गावाने चक्क जाहिरात दिली: लेकुरवाळी कुटुंबं हवीत, पहिल्या वर्षीचा राहण्या-जेवणाचा खर्च गाव करील. सोयरीक जुळवावी तशी शाळेसाठी पोरं शोधायची. वाचून हसू आलं, मग आलेलं हसू राहिलं नाही, कारण आपल्याकडचे गुरुजी जूनच्या पहिल्या आठवड्यात पट टिकवायला घरोघरी फिरतात ते आठवलं.

महाराष्ट्राचा विषय मी मुद्दाम लांबवला, कारण यमाल आणि मेळघाट एक नव्हेत आणि ओढूनताणून जुळवू नयेत. पण एक धागा खरा आहे. कायद्याने पहिली ते पाचवीची शाळा एक किलोमीटरच्या आत हवी. तरी २०२३ मध्ये वीसहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून ‘समूह शाळा’ काढण्याचा प्रस्ताव आला. अशा शाळा राज्यात तेव्हा चौदा हजारांवर होत्या. मुद्दे तेच: खर्च, शिक्षकांचं प्रमाण, मुलांना मोठ्या गटात मिसळायची संधी. आणि मूल आणायला बस. अलास्कात विमान होतं, यमालमध्ये हेलिकॉप्टर आहे, इथे बस. वाहन बदललं, दिशा तीच. सहा वर्षांची पोरगी ओढा ओलांडून रस्त्यावर येऊन बसची वाट बघेल आणि पावसाळ्यात बस आली नाही तर परत जाईल, हे ज्याने वाडी-वस्तीवरचा जुलै पाहिलाय त्याला सांगायला नको.

उलटी दिशाही आपल्याच मातीत दाखवून झालेली आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू केलं आणि १९५७ मध्ये ते कोसबाडला नेलं. वारली मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती. दोघींनी गुरं कोंडवाड्यात घाला असं सांगितलं नाही. बाई कुरणावर गेल्या. गुरं चरताहेत आणि झाडाखाली वर्ग चाललाय, अशी कुरणशाळा. खडे मोजून बेरीज, पानं मांडून आकार. अंगणात भरणारी ती अंगणवाडी, हा शब्दही त्यांच्याच कामातून आला आणि मग देशभर गेला. कुरणशाळा मात्र गेली नाही. अंगणवाडीची इमारत बांधता येते, तिला क्रमांक देता येतो. हिंडणाऱ्या शाळेची तपासणी करायला अधिकाऱ्यालाही हिंडावं लागतं. मला वाटतं कारण इतकंच साधं असावं.

सैबेरियातच, यमालच्या पूर्वेला, साखा प्रजासत्ताकाने २००८ मध्ये भटक्या शाळांचा कायदा केला. तिथे एव्हेंकी आणि इतर लोकांच्या तळांबरोबर शिक्षक हिंडतात, कधी आईबापांपैकीच कोणी शिकवण्याचं काम करतं. यमालमध्येही अलीकडे काही तळांवर शाळेआधीचे वर्ग चूममध्ये भरवून झालेत. मोठी संख्या नाही. पण ‘अशक्य’ हा शब्द त्यानंतर कोणी वापरू नये.

तर मागणी काय? पहिल्या चार-पाच इयत्ता तरी मुलाच्या तळावर किंवा तळाच्या पायी अंतरावर, घरच्या भाषेतून, आणि शहरातल्या मुलाला जे शिकवतात त्याहून तसूभर कमी नाही. स्वीडनची चूक पुन्हा नको. पुढे वसतिगृह आलंच तर कळपाच्या दिनक्रमाशी जुळवून सुट्ट्या. शाळेचं वर्ष सप्टेंबर ते मेच असावं असा काही निसर्गनियम नाही. वसंतात रेनडिअर वितात, त्या दिवसांत पोर घरी असू द्या. आणि बारा-तेराव्या वर्षी पोरालाच विचारा, कुठे शिकायचंय. आईबापांनाही विचारा, पण पोराला आधी.

खर्च फार होईल, हे मान्य. तळ हिंडते, मुलं विखुरलेली, थंडी उणे चाळीस. पण खर्च आजही होतोच आहे. निवासी शाळेची इमारत, तिथलं इंधन, स्वयंपाकी, अधीक्षक, आणि दरसाल दोनदा हेलिकॉप्टर. ते शरदात मुलं न्यायला तळाकडे निघतं तेव्हा जाताना त्यातल्या जागा रिकाम्याच असतात. एक गुरुजी, एक फळा आणि महिनाभराचा शिधा त्यात सहज मावेल.